वानवळ्याचं वजन

मु. पो. खुटबाव, ता. दौंड.
संक्रांतीच्या अलीकडचा गुरुवार.

तीर्थस्वरूप बापूसाहेब यांच्या चरणी खुटबावच्या रखमाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. (मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला तीर्थस्वरूप लिहू नये असं आमच्या भावकीत म्हणतात. शिवाय तुम्ही वयानं माझ्याहून लहान. पण तुम्ही इतकी वर्षं सोसायटीचे सचिव होतात आणि मी सहावीत शाळा सोडली, तेव्हा काय लिहावं ते न कळून जे सगळ्यात मोठं सुचलं ते लिहिलं. जास्त झालं असेल तर त्यातलं थोडं विहीणबाईंना, गिताबाईंना द्या.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं जिना चढू नका सांगितलं असताना तुम्ही टाकी भरली का ते बघायला गच्चीवर चढता, असं अनुपमा म्हणत होती. चढू नका. टाकी भरली की वाहते, ते खालूनही दिसतं. गिताबाईंची शुगर कशी आहे? त्यांना शुगर निघाल्यापासून तुमच्याकडे गूळ आणायला माझा हात धजत नाही, आणि गुऱ्हाळवाल्या व्याह्यानं रिकाम्या हातानं यावं हेही बरं दिसत नाही, म्हणून मी दिवाळीपासून शिरूरला आलोच नाही. रागानं आलो नाही असं मनात आणू नये. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल नाही, पण बाकीचे आहेत असं म्हणायला हरकत नाही.

पत्र लिहिण्यास कारण काहीच नाही. फोन केला असता, परंतु मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि त्यामुळे मी फोनवर बोललो की गल्लीच्या टोकापर्यंत जातं. घरात अनुपमा असते. तिच्या वडिलांशी तिच्याबद्दल बोलायचं आणि तिनं ते ओट्यापाशी उभं राहून ऐकायचं, हे मला बरं वाटत नाही. शिवाय पत्र लिहिताना मधे कुणी बोलत नाही, हा एक फायदा आहे. (फोनवर तुम्ही मधे फार बोलता असं नाही.)

आता कारण नाही म्हटलं तरी कागद कोरा ठेवता येत नाही, म्हणून घरची हकीगत लिहितो. अनुपमानं ठरवलं आहे, की संक्रांतीपर्यंतचा हिशेब बघायचा, आणि गुळाच्या दुकानात काही उरत नसेल तर दुकान बंद करून सणसवाडीला राहायला जायचं. आमचा सत्यजीत कामाला जातो ती कंपनी तिथंच आहे, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन पोराची पाठ गेली. अनुपमालाही तिथं कुठंतरी पॅकिंगचं काम मिळेल म्हणतात. आपल्या नातीला, अपेक्षाला, तिथली शाळा. खोलीही बघून ठेवली आहे, तुमचे मावसभाऊ माऊली यांच्या चाळीतली, तेव्हा तुम्हाला ठाऊक असेलच. मी जाऊ नका म्हणणार नाही. मी कुणाच्या आड येणारा माणूस नाही. आमची मंडळी गेल्यापासून या घरात बोलणारी माणसं तेवढीच आहेत, पण ते असो. पोरांनी जावं, सुखात राहावं. मी भाकरी करायला शिकेन. परवा एक करून बघितली. कुत्र्यानं खाल्ली, नाही असं नाही, पण बराच वेळ विचार करून खाल्ली.

दुकानाचं तुम्हाला थोडं ठाऊक आहे. मागल्या दसऱ्याला अनुपमानं आपल्या गुऱ्हाळाचा गूळ मोबाइलवरच्या बाजारात विकायला काढला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पत्र कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, आणि असल्या कंपन्यांकडे वकील पगारावर असतात म्हणे. नऊशे ग्रॅमची ढेप, बेताची पुठ्ठ्याची पेटी, आणि पेटीवर छापलं आहे, ‘रखमाजी यांचं गुऱ्हाळ’. मी म्हटलं, सत्यजीतचं नाव टाक, त्याचे दिवस आहेत. तर तिनं ऐकलं नाही. वर माझा फोटोही आहे. मी रस आटवायच्या काहिलीपाशी उभा आहे आणि माझे डोळे मिटलेले आहेत. दुसरा काढ म्हटलं, तर म्हणाली, राहू द्या आण्णा, खरा वाटतो. मग ऑर्डरी सुरू झाल्या. इंदूर, कोईमतूर, लखनौ, गुवाहाटी. मी अपेक्षाला शाळेचा नकाशा उघडायला लावून एकेक गाव दाखवून घेतलं. गुवाहाटी बघून मला घाबरायला झालं. एवढ्या लांब माझा स्वतःचा आवाजसुद्धा कधी गेला नाही.

पण पैसे येताना पाहिले आणि माझं मन जाग्यावर राहिना. गिऱ्हाईक पेटीमागं दोनशे रुपये देतं. आपल्या बँकेत सत्तरच्या आसपास येतात. मी म्हटलं, मधले कोण खातं? अडत्यासुद्धा एवढं कापत नव्हता. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी केडगावच्या बाजारात ढेपा नेल्या की अडत कापायचे, हमाली कापायचे, वर तोलाई म्हणून कापायचे, म्हणजे आपलाच गूळ तोलल्याबद्दल आपणच द्यायचे. वाईट वाटायचं. पण कापणारा माणूस समोर बसलेला असायचा. त्याच्याशी भांडता यायचं, आणि भांडून झाल्यावर तोच चहा सांगायचा. कंपनीशी भांडायला एक बटण आहे. ते दाबलं की एक बाई फार गोड आवाजात विचारते, की तुमची अडचण पुढीलपैकी कोणती. मी सगळ्या ऐकल्या. त्यात माझी नव्हती.

शेवटी अनुपमानं मला समजावून सांगितलं, आणि ते इतकं चांगलं सांगितलं, की तुम्ही लेकीला बी.कॉम. केलंत त्याचे पैसे वसूल झाले असं मला वाटलं. तिनं परातीत एक ढेप ठेवली आणि हातात बत्ता घेतला. म्हणाली, “आण्णा, ही अख्खी ढेप म्हंजी गिऱ्हाईकाचं दोनशे.” मग एकेक खडा फोडून बाजूला ठेवू लागली. हा कंपनीचं कमिशन. हा दर पेटीमागची ठरीव फी, विकलं की लागलीच. हा गाडीभाडं (हा खडा सगळ्यात मोठा निघाला). हा कंपनीनं आपल्याकडून घेतलेल्या पैशांवरचा जीएसटी. हा जाहिरातीचा, कारण जाहिरात नाही दिली तर आपली ढेप पार मागच्या पानावर जाते आणि तिथवर कुणी बोट सरकवत नाही. हा पेटीचा आणि टेपचा. उरला तो खडा माझ्या मुठीत मावला. त्यात ऊस, जळण, गुळव्याची मजुरी, आणि त्यातून काही राहिलं तर आपलं. मी त्या मुठीकडे बघत बसलो होतो तोवर अपेक्षानं कंपनीचं कमिशन खाल्लं. मला पोरीचं फार कौतुक वाटलं. मग तिनं पुढचा खडा उचलला, तर अनुपमानं हातावर चापट मारली. “ते सरकारचं हाय. ठेव.”

तेव्हापासून मला सारखा घोर लागला. मी अनुपमाच्या मागं मागं फिरू लागलो. ही टेप जरा कमी लाव, ती शाई महाग असेल, जाहिरात दुपारची बंद ठेव, दुपारी लोक झोपतात. कुणी एकानं ढेप काळी आहे म्हणून परत पाठवली. (फोटोत पिवळी दिसते, ऊन पडलं होतं. आपण गुळात पावडर घालत नाही म्हणून तो तसा दिसतो, हे मी त्यांना घरी जाऊन सांगायला तयार होतो, पण ते कोईमतूरला राहतात.) परत आलेल्या मालाचं भाडंही आपल्याच माथी, हे कळल्यावर मी दोन वेळा जेवलो नाही. तिला सणसवाडीची खोली तेव्हाच पहिल्यांदा सुचली असावी. सत्यजीत म्हणाला, ते दुकान न्हाई, दुसऱ्याच्या गाडीत डिझेल भरायचं काम हाय. शेवटी माझा घोर अनुपमालाच झेपेना, म्हणून तिनं मला काम दिलं. ती ढेप पेटीत घालून काट्यावर बघणार, पत्ता चिकटवणार, आणि मग मी कडेला कागदाचे बोळे भरून वर टेप मारणार. मला हे काम आवडलं. पेटी बंद करताना मी प्रत्येक पत्ता वाचायचो.

आणि अर्थातच प्रत्येक पेटीत वानवळा घालायचो. वानवळा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही शेत वाट्यानं देऊन शिरूरला राहायला गेलात त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण करून देतो. नवा माल निघाला की त्यातला थोडा चार घरी जातो. विकत न्यायला आला त्यालाही मोजून झालं की वर एक खडा हातावर पडतो. तो मापाबाहेरचा असतो. आमचे वडील म्हणत, काटा झाला की व्यवहार संपला, आता पाहुणचार. नुसतं मापून कुणाला गुऱ्हाळावरून परत धाडलेलं मी जन्मात पाहिलं नाही. तर मग पैसे आधी देऊन, न बघता, आपल्यावर विसंबून ज्यानं गूळ मागवला, त्याला नुसतं मापून कसं धाडायचं? म्हणून मी वर्तमानपत्राच्या कागदात एक खडा बांधून कडेला सारत असे. जवळच्या गावाला लहान, लांबच्या गावाला जरा मोठा. गुवाहाटीला तर चांगला मुठीएवढा, कारण तिथून माणूस परत कधी येणार. यात सांगण्यासारखं काही नाही. ओघात आलं म्हणून लिहिलं.

पुढं मार्गशीर्षात कंपनीनं नवीनच काढलं. ‘वजनातला फरक’ म्हणून पैसे कापू लागली. त्यांचा नियम असा, की पेटी एक किलोच्या आत बसली तर एक भाडं, आणि किलोच्या वर जराशी जरी गेली तर पुढच्या किलोचंही भाडं, आणि ते पुन्हा गाव जितकं लांब तितकं चढं. अनुपमानं पेटी अशी बेतली होती, की ढेप, पुठ्ठा, कागद, टेप सगळं धरून किलोच्या आत बसावं. ती काट्याचा फोटो काढून पाठवायची. कंपनी तिच्या काट्याचा फोटो पाठवायची, त्यात किलोच्या वर. सत्तरचे पंचवीस झाले, कधी दहा झाले, आणि गुवाहाटीच्या पेटीला तर उलट आपल्यालाच द्यावे लागले. अनुपमा मोबाइलकडे बघत जेवायची आणि ताटात काय आहे ते तिला कळायचं नाही. मी तिला सांगितलं, पोरी, हे काटा मारतात. माझं आयुष्य काट्यापाशी गेलं, मला शिकवू नये. ती म्हणाली, आण्णा, तिथं मशीन असतं. मी म्हटलं, मशीन नाही मारत, मशीनपाशी उभा असलेला मारतो. मी रोज म्हटलं. शेवटी तिला ते पटलं. बापूसाहेब, हे पटवल्याचं मला आता फार वाईट वाटतं.

तर मागल्या सोमवारी आम्ही कासुर्डीजवळ हायवेला कंपनीचं गोदाम आहे तिथं गेलो. अनुपमा स्कूटर चालवत होती आणि मागं मी, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला गुऱ्हाळाचा काटा धरून. (यवतच्या चौकात ओळखीचं कुणी भेटू नये असं मनात म्हणत होतो. तिघं भेटले.) गोदामाच्या मुख्य हर्षदा म्हणून एक बाई आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यालो, पण खुर्चीवर बसलो नाही, कारण बसून भांडता येत नाही. मी मोठ्यानं सांगितलं, की आमचं तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ आहे आणि आमच्या काट्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. गाडीवाले जमले, हमाल जमले, बिघडलेला मिक्सर परत करायला आलेला एक इसमही थांबला. मला बरं वाटलं.

हर्षदाबाईंनी त्या दिवशी आपल्याकडून गेलेल्यातली एक पेटी काढली. गुवाहाटीची होती. त्यांच्या काट्यावर ती किलोच्या बरीच वर गेली. मी हसलो, आणि आपला काटा सोडला. आपल्या काट्यावरही तेवढीच गेली. मला कळेना. अनुपमालाही कळेना, कारण घरी तिनं स्वतः तोललेली. मग माझ्या डोक्यात आलं, की वाटेत कुणीतरी पेटीत दगड घातला आहे. मी म्हटलं, सगळ्यांसमोर उघडा. हर्षदाबाई म्हणाल्या, राहू द्या आबा, पुन्हा बांधावी लागेल. अनुपमाही राहू द्या म्हणाली. पण एवढी माणसं जमलेली होती. मी उघडायलाच लावली.

आधी ढेप निघाली. मग वर्तमानपत्रात बांधलेला खडा निघाला. एक बिहारचा हमाल म्हणाला, “चाचाजी, इसका तो बच्चा भी निकला.” लोक हसले. हर्षदाबाईंनी विचारलं, हे काय. आणि बापूसाहेब, खरं सांगतो, तोवरही माझ्या मनात काही आलं नव्हतं. मी त्याच चढ्या आवाजात सांगितलं, “हा वानवळा हाय. ह्याचं वजन धरत न्हाईत.”

त्या म्हणाल्या, “आबा, तुम्ही न्हाई धरत. गाडी धरती.”

तेव्हा मी खुर्चीवर बसलो. मी अनुपमाकडे बघितलं. तिनं अगदी हळू विचारलं, की आण्णा, किती पेट्यांत घातला? मी म्हटलं, सगळ्या. मग खोटं नको म्हणून पुढंही सांगितलं, की लांबच्यांना मोठा. तिनं डोळे मिटून घेतले. मिक्सरवाल्या इसमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, हे मला अजिबात आवडलं नाही. अनुपमानं हर्षदाबाईंची माफी मागितली, खडा काढून घेतला, पेटीला पुन्हा टेप मारली, आणि आम्ही निघालो. वाटेत तिनं स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवली. स्कूटरच्या आरशात तिची हनुवटी तेवढी दिसत होती. मी काटा मांडीवर धरून बसलो होतो. एवढा जड काटा मी कधी धरला नाही.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. तिला राग आला असेल म्हणून नाही, मलाच तोंड दाखवायला जागा नाही म्हणून. जेवतो आणि गोठ्यात येऊन बसतो. हे पत्रही गोठ्यात वैरणीच्या पेंढीवर कागद ठेवून लिहीत आहे, तेव्हा अक्षर असं का आलं ते ओळखा. संक्रांत तोंडावर आली. हिशेबात काही उरणार नाही, आणि का उरणार नाही ते आता सगळ्या हायवेला माहीत आहे. म्हणजे पोरं जाणार. कंपनीनं खाल्लं असतं तर कंपनीला शिव्या देत मागं राहिलो असतो. आता कुणाला देऊ? जिनं माझ्यासारख्या सहावीत शाळा सोडलेल्याचं नाव गुवाहाटीला पोचवलं, तिचं दुकान मी खड्या-खड्यानं बुडवलं, आणि तेही आनंदानं. तिनं मला एका शब्दानं टोचलेलं नाही. रोज सकाळी चहा गोठ्यात आणून ठेवते आणि जाते. चहात गूळ नेहमीएवढाच असतो. कमी घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही तिचे वडील आहात आणि ती तुमचं ऐकते. पण तुम्ही तिला काही सांगावं असं मी म्हणत नाही. केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिलं. तुमच्याकडे माझ्याहून वडील जे कुणी असतील त्यांना नमस्कार, आणि आता असे कुणी उरले नसतील तर तो नमस्कारही तुम्हीच ठेवून घ्या. गुडघा सांभाळा.

आपला,
रखमाजी

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. सणसवाडीची खोली तुमच्या मावसभावाची आहे. माऊलींना तुम्ही सहज म्हणून सांगू शकाल का, की ती खोली दुसऱ्या कुणाला द्यावी? तिथं भाडेकरूंना काय तोटा आहे, कारखान्यातली पोरं खोली मिळत नाही म्हणून फिरत असतात. मी सांगितलं असं म्हणू नये. तुम्हीही सांगितलं असं म्हणू नये. खोली आपोआप गेली असं व्हावं. आणि पावसात ती गळते असं कुणी म्हणालं तर तेही चालेल. मी आड येणारा माणूस नाही हे वर लिहिलंच आहे.

आणखी ता. क. शुक्रवार सकाळ. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून बरं झालं. आज अनुपमा चहा घेऊन आली ती गेलीच नाही. पेंढीवर बसली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. ज्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गूळ मागवला त्यांनी खाली काय काय लिहिलं होतं ते तिनं मला वाचून दाखवलं. लखनौच्या एका बाईंनी लिहिलं आहे, की कागदातला खडा आमच्या घरी ढेपेच्या आधी संपतो. गुवाहाटीच्या माणसानं विचारलं आहे, की डोळे मिटलेले आजोबा बरे आहेत ना. अनुपमा म्हणाली, असं परत परत येणाऱ्यांना जाहिरात लागत नाही, तेव्हा परातीतला तो जाहिरातीचा खडा आपला वाचतो. म्हणून आता ढेप आठशे ग्रॅमची करायची, तसं पेटीवर ठळक छापायचं, भाव थोडा उतरवायचा, आणि पेटी किलोच्या आत ठेवायची. मधे जी जागा राहील ती वानवळ्याची.

मी म्हटलं, हे मला मान्य नाही. जागा मोजून ठेवली तर तो वानवळा कसला, ते मापच झालं. (कालपर्यंत मी तोंड दाखवत नव्हतो हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.) आमची त्यावर बरीच बोलाचाली झाली, गुरं उठून उभी राहिली. शेवटी तिनं असं ठरवलं, की मी खडा घालताना ती पाठ करून उभी राहील. किती घातला हे ती विचारणार नाही. टेप मारली की मगच काट्यावर बघणार, आणि किलोच्या वर गेलं तर बोलणार. लांब-जवळ मात्र करायचं नाही. आज सकाळच्या पेट्या तशाच झाल्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि विचारते, “झालं का, आण्णा?” मी झालं म्हणतो. एकच पेटी वर गेली, ती गुवाहाटीची होती. सवय जायला वेळ लागेल.

तरी माऊलींना खोलीचं तेवढं सांगून ठेवाच. माणसाचा भरवसा नाही, आणि इथं माणूस म्हणजे मी आहे.

शेवटचं ता. क. अनुपमा यवतला जाणार आहे म्हणून पाकीट तिच्याकडं टपालात टाकायला द्यावं म्हटलं, तर तिनं हातात घेऊन विचारलं, आप्पांना (म्हणजे तुम्हाला) एवढं काय लिहिलंत. मी म्हटलं, गुडघ्याबद्दल. तर म्हणाली, मग त्यात एवढंही लिहा, की कासुर्डीहून आलो त्याच संध्याकाळी माऊलीकाकांना खोली नको म्हणून फोन करून टाकला. मी पाकीट तिच्या हातून परत घेतलं. इतके दिवस मी गोठ्यात काढले ते कशासाठी? मी विचारलं, त्याच संध्याकाळी का गं, त्या दिवशी तर मी तुझं सगळं बुडवलेलं उघडकीला आलं. तर ती म्हणाली, “कंपनी खाती म्हणून दुकान मोडत हुते. घरातलंच माणूस वाटत सुटलंय म्हणल्यावर कुठं जाऊ, आण्णा? माझ्या माघारी तुम्ही गुऱ्हाळपण वाटून टाकाल.”

तरी वर खोलीबद्दल लिहिलं आहे ते वाचू नये. पानं फाडली असती, पण पाठीमागं गुडघ्याचं लिहिलं आहे. आणि हे ती जे बोलली, ते चांगल्यापोटी बोलली की कसं, हे मला नक्की कळलं नाही. बोलताना हसत होती, पण डोळे पुसत होती. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. तेवढं उलट टपाली कळवावं.